शीट लहान करू नका, नव्याने काढा

प्रश्न : मी फोंडा तालुक्यात राहते. यंदा बी.आर्क. पूर्ण झाले. प्रशिक्षणाचे सहा महिने पर्वरीतील एका कार्यालयात काढले. पहिल्या वर्षापासूनचे सगळे काम घालून ६४ पानांचा पोर्टफोलिओ तयार केला, त्याची फाइल ८५ एमबीची झाली. अकरा कार्यालयांना पाठवला, नऊ ठिकाणांहून उत्तरच आले नाही. दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावले आहे. एक पणजीतले, जुनी घरे दुरुस्त करणारे छोटे कार्यालय. दुसरे पुण्यातले, शंभरेक माणसांचे. हातात बारा दिवस आहेत. पाने किती ठेवू? प्रशिक्षणातली ड्रॉइंग दाखवली तर चालतील का? छापील न्यावा की टॅबलेट? आणि दोन्हीकडे एकच पोर्टफोलिओ चालेल का? – एक वाचक

उत्तर : सुरुवात परवानगीपासून करा, कारण त्याला दुसऱ्याचा वेळ लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत किंवा शिकाऊ उमेदवारीत केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याचा असतो. पर्वरीत तुम्ही जागून काढलेली शीटसुद्धा त्या कार्यालयाची आहे असे धरूनच चाला. तिथल्या मुख्य आर्किटेक्टना आजच चार ओळींचा ईमेल करा. ‘तुमच्याकडचे काम दाखवले तर चालेल का’ असे मोघम विचारू नका. कोणती दोन-तीन शीट, ती कोणाला दाखवणार, आणि घरमालकाचे नाव, गाव, सर्व्हे क्रमांक काढून टाकणार, एवढे स्पष्ट लिहा. नेमके विचारले की समोरच्याला हो म्हणणे सोपे जाते. परवानगी मिळाली की शीटच्या कोपऱ्यात कार्यालयाचे नाव आणि तुमचा वाटा लिहा : ‘जिन्याचा तपशील आणि दारे-खिडक्यांचे शेड्यूल मी काढले, तपासणी कार्यालयाची.’ टायटल ब्लॉक, म्हणजे कार्यालयाचे नाव-तपशील असलेली चौकट, कापून शीट आपली म्हणून दाखवण्याचा मोह काहींना होतो. गोवा लहान आहे, इथे एकमेकांची ड्रॉइंग ओळखू येतात. परवानगी नाकारली गेली तर वाईट वाटून घेऊ नका. थिसिसमधला एक जिना किंवा एक शौचालय घ्या आणि प्रशिक्षणात शिकलात त्याच शिस्तीने, बांधकामाला देता येईल अशा दर्जाचे शीट काढा. दोन संध्याकाळींचे काम आहे आणि ते पूर्णपणे तुमचे असेल.

कायद्याची आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९७२ प्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्याशिवाय ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येत नाही. नोंदणी क्रमांक हातात नसेल तर मुखपृष्ठावर नावाआधी ‘आर्.’ लिहू नका. ‘बी.आर्क.’ आणि वर्ष पुरे.

आता त्या ८५ एमबीकडे वळू. फाइल एवढी जड होते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. सबमिशनच्या ए१ शीटांची जेपेग करून ती ए३ पानावर डकवलेली असतात. अशी फाइल अनेक कार्यालयांच्या ईमेलमध्ये शिरतच नाही, पण तो तोटा लहान आहे. मोठा तोटा वाचण्याचा आहे. ए१ म्हणजे ८४१ × ५९४ मिमी, ए३ म्हणजे ४२० × २९७. लांबी-रुंदी निम्मी होते, क्षेत्रफळ चौथ्या हिश्शावर येते. १:१०० चा प्लॅन आपोआप १:२०० होतो, पण खाली लिहिलेले ‘१:१००’ तसेच राहते आणि ते आता खोटे असते. अडीच मिमीचे अक्षर सव्वा मिमीचे होते. ०.५ मिमीची कापरेषा ०.२५ वर येते, मागची ०.१८ ची रेषा ०.०९ वर, आणि दोहोंतला फरक डोळ्याला कळेनासा होतो. चिऱ्याच्या भिंतीचा हॅच, म्हणजे आतले रेघांचे भरण, १:१०० साठी बसवलेला असतो, निम्म्यावर आला की त्याच्या रेषा एकमेकींना चिकटतात. त्यातून पीडीएफ दाखवणारी काही सॉफ्टवेअर अतिबारीक रेषा किमान एक पिक्सेल जाडीने दाखवतात, म्हणून पडद्यावर अख्खी भिंत काळा ठिपका दिसते. ज्युरीच्या, म्हणजे कॉलेजात परीक्षकांसमोर काम मांडण्याच्या, दिवशी हीच शीट भिंतीवर होती आणि तुम्ही शेजारी उभे राहून बोट दाखवत समजावत होता. ईमेलमधून ती एकटी जाते.

म्हणून या बारा दिवसांतले खरे काम पाने सजवण्याचे नाही. निवडलेली ड्रॉइंग ए३ साठी नव्याने काढण्याचे आहे. प्रत्येक प्लॅनची कॅड फाइल उघडा, १:२०० चा वेगळा लेआउट करा. मापांचा लेयर बंद करा. या पानावर त्याचा उपयोग नाही. कापलेल्या भिंतींना ०.३५ ते ०.४, दिसणाऱ्या कडांना ०.१८, फरशी आणि हॅचला ०.०९ मिमी ठेवा. हॅचचे अंतर दुप्पट करा, किंवा कापलेली भिंत सरळ गडद करड्या रंगाने भरा. १:२०० ला तेच स्वच्छ दिसते. खोल्यांची नावे खोलीतच लिहा. ‘१ – दिवाणखाना, २ – देवघर’ अशी यादी बाजूला दिली की वाचणाऱ्याची नजर प्लॅन आणि यादी यांच्यात हेलपाटे घालते. आकड्यातले प्रमाण काढून पट्टीचे प्रमाण घाला, ०-५-१० मीटर असे, म्हणजे पान कितीही लहान-मोठे झाले तरी ते खरे राहते. उत्तर दिशा सगळ्या प्लॅनवर एकाच बाजूला हवी. तळमजल्यावर उत्तर वरच्या बाजूला आणि पहिला मजला नव्वद अंशात फिरवलेला, असे बसवण्याच्या घाईत फार होते. वाचणारा तिथेच थांबतो.

पाने २४ ठेवा. हिशेब असा : मुखपृष्ठ एक, परिचय एक, सर्वांत चांगला प्रकल्प सात, दुसरा पाच, मोजणी-ड्रॉइंग (उभी इमारत मोजून काढलेली) पाच, बांधकामाची शीट चार, आणि बाकी सगळ्यासाठी शेवटचे एक पान. निवड पडद्यावर करू नका. सगळी ६४ पाने एका ए४ वर आठ या हिशेबाने छापा, कात्रीने कापा आणि वसरीवर जमिनीला मांडा. प्रत्येक कपटा उचलून एकच विचारा : हे पान गेले तर काय कळायचे राहील? काहीच राहणार नसेल तर ते बाजूला ठेवा. पहिल्या वर्षातली शेडिंग, रंगचक्र, ‘बिंदू-रेषा-प्रतल’ची मॉडेल, सगळे बाहेर. पाच वर्षांत किती प्रगती झाली हे मुलाखत घेणाऱ्याला मोजायचे नसते. सोमवारी तुम्ही आलात तर तुमच्या हाती कोणते काम सोपवता येईल, हे तो शोधत असतो. स्केचिंगचा हात चांगला असेल तर त्यातली दोन-तीन स्केच प्रकल्पाच्याच पानावर, जिथे विचार बदलला तिथे लावा. तिथे ती बोलतात. ‘छंद’ या शीर्षकाखाली बसवलेले सूर्यास्ताचे फोटो बोलत नाहीत.

सर्वांत चांगला प्रकल्प आधी, मग तो थिसिस असो वा नसो. आठव्या सेमिस्टरची दोन मजली शाळा थिसिसमधल्या अवाढव्य संकुलापेक्षा नीट सुटलेली असेल तर ती पुढे घ्या. संकुल मोठे असले की एकही जागा पुरती सुटत नाही, आणि चौथ्या पानावर ते दिसून येते.

प्रकल्पाच्या पहिल्या पानावर साठ ते ऐंशी शब्द पुरेत. जागा कुठे, उतार किती आणि कोणत्या दिशेला, बांधकाम किती चौरस मीटर, कोणत्या सेमिस्टरचे, एकटीचे की गटाचे, आणि त्या जागेचा अडचणीचा प्रश्न कोणता. ‘निसर्गाशी संवाद साधणारी वास्तू’ अशी वाक्ये काढून टाका. त्याऐवजी ‘जागा पश्चिमेला साडेतीन मीटर उतरते, रस्ता वरच्या बाजूला आहे, आणि उतारावर सात आंबे आहेत’ असे लिहा. पुढचा प्लॅन कशाचे उत्तर आहे ते वाचणाऱ्याला कळते. गटाच्या कामात तुमचा वाटा नेमका लिहा. बारा जणांनी केलेल्या स्पर्धेच्या शीटावर ‘संकल्पना व डिझाइन’ लिहिले तर कोणी विश्वास ठेवत नाही. ‘सेक्शन दोन, मॉडेलचा पाया आणि मांडणी’ यावर ठेवतात. रेंडर, म्हणजे संगणकावरचे फोटोसारखे चित्र, दुसऱ्याकडून करून घेतले असेल किंवा एआयने केलेले असेल तर तेही त्याच ओळीत लिहा.

मग प्रश्न येतो की कोणते ड्रॉइंग मोठे द्यायचे. कांपालची कला अकादमी डोळ्यासमोर आणा. चार्ल्स कोरिया यांची ही इमारत १९८३ ची. रस्त्याकडून आत शिरावे, पर्गोलाखालच्या मोकळ्या जागेतून चालत जावे आणि समोर मांडवी यावी, हे तिचे मर्म. दर्शनी बाजूच्या कितीही सुंदर चित्रातून ते कळणार नाही. रस्त्यापासून नदीपर्यंतचा एक लांब सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसणारे चित्र, काढला की कळते. तुमच्या प्रत्येक प्रकल्पात असे एक ड्रॉइंग असते, ज्याच्याशिवाय इमारत समजत नाही. त्याला पूर्ण पान द्या, लांब असेल तर समोरासमोरची दोन पाने द्या. बाकीची त्याच्याभोवती लहान चालतील. सगळी ड्रॉइंग सारख्याच आकाराच्या चौकोनांत बसवली की कोणतेच महत्त्वाचे राहत नाही. तुमच्या ६४ पानांत हेच झाले असण्याची शक्यता फार आहे.

सेक्शन तपासताना जिन्यापासून सुरुवात करा, कारण समोरचाही तिथूनच करतो. मजल्याची उंची ३ मीटर आणि पायरीची उंची १५० मिमी धरली तर २० चढ होतात. दोन सारख्या ओळींत विभागले तर प्रत्येकी १० चढ म्हणजे ९ पाऊलफळ्या, ३०० मिमीच्या हिशेबाने २.७ मीटर. मधला टप्पा १.२ मीटरचा. म्हणजे जिन्याला आतून ३.९ मीटर लांबी लागते, शिवाय वर पोचल्यावर उभे राहायला जागा. विद्यार्थ्यांच्या प्लॅनमध्ये हाच जिना तीन मीटरांत बसवलेला सर्रास दिसतो. मुलाखत घेणारा बोलता बोलता पेन्सिलीच्या टोकाने पायऱ्या मोजतो, तुम्हाला कळतही नाही. जिन्याखालून जाताना डोक्यावर २.१ मीटर मोकळे आहेत का, तेही पाहा. नंतर खांब : तळमजल्यावरचा खांब वरच्या मजल्यावर बेडरूमच्या मधोमध तर येत नाही ना? शौचालयाला शाफ्टकडची (नळ उतरवायच्या उभ्या पोकळीकडची) भिंत आहे का, आणि पहिल्या मजल्याचे शौचालय तळमजल्याच्या स्वयंपाकघरावर तर आलेले नाही ना? या चुका सापडल्या तर झाकू नका, दुरुस्त करा. प्रकल्पाला मार्क मिळून गेले म्हणून तो गोठत नाही. पोर्टफोलिओत सुधारलेला प्लॅन घालणे रीतसर आहे, आणि ‘सबमिशननंतर जिना बदलला’ असे खाली लिहिले तर चांगलेच.

गोव्यातल्या प्रकल्पात पाणी कुठे जाते, हे दिसलेच पाहिजे. वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात कौलारू छप्पर बारा अंशांत काढले तर पहिल्या पानावरच अडचण होते. मंगळुरी कौलांना त्याच्या दुपटीहून जास्त उतार लागतो, नाहीतर वाऱ्याबरोबर पाणी कौलांच्या जोडातून मागे सरकते. छपराचा उतार जिथे उंच भिंतीला भिडतो तो जोड १:१० मध्ये काढा. घरे गळतात ती तिथेच. पन्हळ, पागोळी पडते ती जागा, जोत्याभोवतीचा उतार, गटार आणि शेवटी पाणी जागेबाहेर कुठून जाते, हे एका सेक्शनवर निळ्या रेषेने दाखवा. नदीकाठची जागा असेल तर भरतीरेषा आणि तिच्यापासूनचे अंतर साइट प्लॅनवर हवे. ते नसले तर सीआरझेडचा, म्हणजे किनारी भागातल्या बांधकाम निर्बंधांचा, विचारच केला नव्हता असा अर्थ निघतो. रेंडरमध्ये झाडे टाकताना माड, आंबा, फणस शोधून टाका. युरोपातली बारीक पांढऱ्या खोडाची झाडे चिऱ्याच्या घरासमोर उभी दिसली की बाकीचे चित्रही उसने वाटू लागते.

पणजी आणि पुणे, दोन्हीकडे एकच फाइल पाठवू नका. मात्र दोन वेगळे पोर्टफोलिओही करायची गरज नाही. अठरा पाने तीच ठेवा, सहा बदला.

पणजीच्या कार्यालयासाठी मोजणी-ड्रॉइंग आधी घ्या. जुन्या घराच्या कामात अर्धे काम अचूक मोजण्याचे असते. म्हणून स्वच्छ प्लॅनबरोबर जागेवर हाताने लिहिलेल्या मोजणीच्या वहीचे एक पानही दाखवा, डाग पडलेले असले तरी. त्यात खोल्यांची तिरपी मापे असली पाहिजेत. जुन्या घरात काटकोन गृहीत धरता येत नाही, आणि चार बाजू मोजून कर्ण मोजला नाही तर खोलीचा खरा आकार निघत नाही. राजांगणाचे चारही कोपरे ९० अंशांचे काढलेले दिसले की तो प्लॅन घरी बसून पुरा केला असा संशय येतो. छपराच्या सेक्शनमध्ये वासे, रिपा, भिंतीवरचा आधार हे वेगवेगळे दिसू द्या. त्यानंतर एक पान नुकसानीच्या नकाशाचे : ओल, तडे, वाळवी आणि नंतरची भर, प्रत्येकाला वेगळी खूण. आणि ओल ‘आहे’ एवढ्यावर थांबू नका, कुठून येते ते लिहा. जमिनीतून चढणारी ओल खालून वर कमी कमी होत जाते, छपरातून आलेली वरून उतरते. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. ती आणखी वर चढते आणि क्षार साचून गिलावा फुगतो. एवढे कारण एका सेक्शनवर बाण काढून दाखवलेत तर त्या कार्यालयाला तुमची बाकीची पाने पाहण्याची इच्छा होईल. पोर्टफोलिओत कोणाच्या घराचे नाव-गाव देताना मात्र घरच्यांना विचारा. नसेल विचारले तर ‘तिसवाडीतील एक घर’ पुरे.

पुण्याच्या कार्यालयाला वेगळी काळजी असते. तिथे एका इमारतीवर आठ-दहा माणसे काम करतात, आणि नव्या माणसाची फाइल दुसऱ्याला उघडून पुढे नेता येईल का, हे त्यांना कळायला हवे असते. म्हणून बांधकामाची शीट पुढे आणा. एक शौचालय १:२० मध्ये प्लॅन, चारही भिंतींची एलिव्हेशन आणि फरशीचा आरंभबिंदू दाखवून काढा. एक भिंतीचा सेक्शन पायापासून पॅरापेटपर्यंत (गच्चीच्या कठड्यापर्यंत), आणि एक दारे-खिडक्यांचे शेड्यूल. रेव्हिट या त्रिमितीय मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये काम केले असेल तर चकचकीत दृश्यापेक्षा मॉडेलमधून काढलेले एक स्वच्छ शीट जास्त सांगते. एक बारीक पण अडवणारी गोष्ट : भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम करता येते, ते गोव्यात आपण एफएआर ८० असे लिहितो, महाराष्ट्रात एफएसआय ०.८ म्हणतात. तुमच्या पानावरचे ‘८०’ पुण्यात कोड्यात टाकेल, म्हणून त्या प्रतीत ०.८ लिहा. तुमचे प्रकल्प गोव्याच्या २०१० च्या जमीन विकास व इमारत बांधकाम नियमांवर बेतलेले असतील, महाराष्ट्रात २०२० ची यूडीसीपीआर ही एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. पाठ करून जाऊ नका. सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), पार्किंग आणि जिन्याची रुंदी एवढे तीन भाग वाचून जा आणि आपल्या एका प्रकल्पाला ते लावले तर काय बदलेल हे काढून ठेवा.

पानाच्या मांडणीवर मी फार वेळ घालवू देणार नाही. आडवा ए३, चारही बाजूंना १५ मिमी समास, बांधणीच्या बाजूला २०. एकच फाँट, दोन जाडींत. पार्श्वभूमी पांढरी. काळ्या पानावरचे रेंडर पडद्यावर देखणे दिसते, पण साध्या छपाईत शाईचे पट्टे येतात आणि बोटांचे ठसे उमटतात. अक्षराच्या आकाराबद्दल मात्र एक हिशेब करा. १४ इंची लॅपटॉपचा पडदा उंचीला साधारण १७४ मिमी असतो, ए३ पान २९७. पूर्ण पान पडद्यावर मावले तेव्हा ते साठ टक्क्यांहूनही लहान झालेले असते. म्हणजे तुमचे ९ पॉइंटचे अक्षर ५ पॉइंटचे दिसते. मजकूर ११ पॉइंटचा ठेवा आणि चित्राखालच्या ओळी १० च्या खाली नेऊ नका. छापल्यावर जरा मोठे वाटेल, वाटू द्या. मॉडेलचे फोटो पुन्हा काढायचे असतील तर सकाळी वसरीवर, थेट ऊन नको, मागे करडा कागद, आणि फोन लांब ठेवून दुप्पट झूम करून. जवळून काढले की भिंती फाकलेल्या दिसतात. कटिंग मॅट चौकटीत येऊ देऊ नका.

परिचयाचे पान एकच. सॉफ्टवेअरसमोर तारे किंवा टक्क्यांच्या पट्ट्या नकोत. ‘ऑटोकॅड ८०%’ म्हणजे काय ते कोणालाच सांगता येत नाही. ‘ऑटोकॅड : प्रशिक्षणात रोज, रेव्हिट : एक प्रकल्प, दोन मजले’ असे लिहा.

फाइली दोन करा. पहिली, ईमेलसोबत पाठवायची, परिचय धरून सहा पानांची आणि ५ एमबीच्या आत. दुसरी पूर्ण २४ पानांची, १० एमबीच्या आत, म्हणजे पानामागे सरासरी चारशे केबी. हे जमते. फोटो आणि रेंडर १५० डीपीआयवर (इंचाला १५० ठिपके) आणा. पूर्ण ए३ पानाचे चित्र त्या हिशेबाने २४८० × १७५४ पिक्सेलचे होते. रेषांची ड्रॉइंग जेपेग न करता थेट पीडीएफमधून घ्या, तीक्ष्ण राहतात आणि वजनही कमी. अपवाद एकच : हजारो रेषांची झाडे किंवा समोच्च रेषा असलेला साइट प्लॅन पान उलटताना अडकून अडकून उमटतो. तेवढे एक पान ३०० डीपीआयची प्रतिमा करून घाला. छपाईची प्रत वेगळी काढा, सगळे ३०० डीपीआयवर. फाइलच्या नावात आडनाव, नाव आणि ‘पोर्टफोलिओ’ असू द्या, ‘फायनल-३’ नको. दुवा पाठवणारच असाल तर तो आधी दुसऱ्याच्या फोनवर, तुमचे खाते नसलेल्या, उघडून पाहा. ‘प्रवेशाची परवानगी मागा’ असा निरोप दिसला की समोरचा पुढच्या अर्जाकडे जातो. तुमच्या अकरातल्या काहींचे मौन यातूनही आलेले असू शकते. त्यांना सहा पानांची नवी फाइल पुन्हा पाठवायला काहीच हरकत नाही.

मुलाखतीला छापील प्रतच न्या. ए३ प्रत दोघातिघांच्या मधे टेबलावर पसरते, तिच्यावर बोट ठेवता येते, दोन पाने मागे जाता येते. टॅबलेटवर ए३ पान तळहाताएवढे होते आणि चिमटीने मोठे करण्यात वेळ जातो. टॅबलेट आणि पेनड्राइव्ह पिशवीत असू द्या, फाइल आत उतरवून, त्यांच्या वायफायवर विसंबून नाही. कागद १७० जीएसएमचा मॅट, दोन्ही बाजूंनी छापलेला, म्हणजे २४ पानांचे बारा कागद. याहून पातळ घेतला तर मागच्या प्लॅनची सावली पुढे उमटते. चकचकीत कागद ट्यूबलाइटखाली चमकतो आणि बारीक रेषा दिसत नाहीत. बांधणी वायरोची (तारेच्या कड्यांची), कारण ती पूर्ण उघडून सपाट पडते. चिकटवलेल्या बांधणीत मधला भाग गिळला जातो आणि दोन पानांवर पसरलेला तुमचा लांब सेक्शन नेमका तिथे तुटतो. आधी दोनच पाने छापून पाहा, एक रेषांचे आणि एक रंगाचे. पडद्यावरचा गडद निळा छपाईत जांभळट उतरतो, सर्वांत बारीक रेषा उमटतच नाहीत, आणि हे संपूर्ण प्रत छापल्यावर कळले तर पैसे गेले. याशिवाय बांधकामाचे एक शीट मूळ मापात, ए१ वर छापून घ्या. ‘मोठ्या मापातले आहे का?’ असे विचारले गेले की ते उलगडायचे.

पोर्टफोलिओ त्यांच्या बाजूने तोंड करून ठेवा आणि पाने त्यांना उलटू द्या. प्रत्येक प्रकल्पावर दीड मिनिट बोलायची तयारी ठेवा : प्रश्न कोणता होता, कशावर अडलात, काय निवडले. त्याहून जास्त ते विचारतील तेव्हा. ते ज्या पानावर थांबतात तिथे तुम्हीही थांबा. ‘पुढे अजून छान आहे’ म्हणून पान उलटण्याची घाई करू नका. आपल्या ड्रॉइंगमधली मापे तोंडपाठ हवीत, म्हणजे दाराची रुंदी, पॅरापेटची उंची, रॅम्पचा उतार, शौचालयाच्या सखल स्लॅबची खोली. ‘आज हे पुन्हा केले तर काय बदलाल?’ हा प्रश्न बहुधा येतोच. त्याचे उत्तर प्रत्येक प्रकल्पासाठी एका वाक्यात लिहून ठेवा, आणि ते खरे असू द्या : ‘पश्चिमेची काच कमी करीन आणि वसरी तिकडे नेईन.’

बारा दिवसांची वाटणी साधारण अशी होईल : पहिले दोन दिवस निवड आणि पेन्सिलीने पानांचे आराखडे, पुढचे सहा दिवस ड्रॉइंग नव्याने काढणे, दीड दिवस मांडणी, अर्धा दिवस छपाई, आधी चाचणीची आणि मग पूर्ण प्रतीची, आणि शेवटचे दोन दिवस राखीव. प्रत मुलाखतीच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी हातात हवी. पावसाळा असेल तर छापलेले कागद एका रात्रीत दमट होऊन कडांना वळतात. बांधणी झाली की प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दोन जाड पुठ्ठ्यांत सपाट ठेवा. ए१ शीट नळीत गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवा, म्हणजे उलगडल्यावर ते टेबलावर सपाट पडते. छापील बाजू आत राहिली तर कडा वर उचलतात आणि चारही कोपरे कोणीतरी धरून बसावे लागते.